एक सेंट दंड

ऑगस्ट १८४१. बॉस्टन शहरातलं पोलीस कोर्ट. सकाळी कोठडीचं दार उघडलं आणि शिपायामागोमाग एक फाटक्या कपड्यांतला, दारूने पार उतरलेला माणूस आत येऊन आरोपीच्या बाकावर बसला. गुन्हा काय, तर 'नेहमीचा दारुडा' असणं. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात तेव्हा हा चक्क गुन्हा होता. शिक्षाही ठरलेली, हाउस ऑफ करेक्शन. नावाला सुधारगृह, प्रत्यक्षात मजुरीचा तुरुंग. आत जायचं, काही महिने राबायचं, बाहेर यायचं, पुन्हा प्यायचं, पुन्हा आत.

त्या दिवशी कोर्टात जॉन ऑगस्टस नावाचा एक गृहस्थ येऊन बसला होता. पन्नाशी उलटलेला, धंद्याने बूट शिवणारा, गावात स्वतःचं दुकान असलेला. ना वकील, ना सरकारी नोकर. तो उठला, त्या माणसापाशी जाऊन दोन शब्द बोलला. मला तुरुंगात जाण्यापासून वाचवलंत तर पुन्हा दारूला शिवणार नाही, असं तो माणूस म्हणाला. आता दारुड्याच्या अशा शपथा आपण सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात. पण ऑगस्टसने न्यायाधीशांना सांगितलं, मी याला जामीन राहतो. न्यायाधीशांनी तीन आठवड्यांची मुदत दिली.

तीन आठवड्यांनी दोघं पुन्हा कोर्टात हजर झाले. माणूस शुद्धीत, स्वच्छ, ओळखू न येण्याइतका बदललेला. मधल्या काळात त्याने दारू सोडल्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली होती. न्यायाधीश खूश झाले. तुरुंगाऐवजी त्यांनी दंड केला एक सेंट. वर कोर्टाचा खर्च. सगळे मिळून ३ डॉलर ७६ सेंट. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच!

आज जगभर ज्याला 'प्रोबेशन' म्हणतात, त्याची सुरुवात अमेरिकेत या प्रसंगापासून मोजतात. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की प्रोबेशनवर सुटलेला हा पहिला माणूस चोर नव्हता, खिसेकापू नव्हता. व्यसनी होता. म्हणजे प्रोबेशन आणि व्यसनमुक्ती यांची नाळ जन्मापासून एक आहे. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत या नात्याचं काय काय झालं, ती हकिगत सांगण्यासारखी आहे.

ऑगस्टस एकटाच चक्रम होता असं नाही. तो काळच दारूबंदीच्या चळवळीचा होता. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा पिणाऱ्यांनीच 'वॉशिंग्टन टोटल अ‍ॅब्स्टिनन्स सोसायटी' काढली होती. दारुड्याला प्रवचन देण्यापेक्षा, सोडलेल्याने न सोडलेल्याला हात द्यायचा, असा तिचा रिवाज. ही लाट वर्षभरात बॉस्टनला पोचली, ऑगस्टस तिच्यात सामील झाला. फरक इतकाच, की बाकीचे सभा घेत होते आणि हा कोर्टात जाऊन बसत होता.

आणि मग तो बसतच राहिला. पुढची अठरा वर्षं. त्याची पद्धत बघा. आधी माणसाची चौकशी करायची: वय काय, पूर्वी काय केलंय, पुढे कुणाच्या संगतीत राहणार. मग जामीन राहायचं. मग नुसतं 'जा, नीट वाग' नाही, तर राहायला जागा बघायची, नसली तर आपल्या घरी ठेवायचं, काम मिळवून द्यायचं. सगळ्याची वहीत नोंद करायची आणि ठरल्या तारखेला कोर्टाला खरा अहवाल द्यायचा. आजच्या प्रोबेशन अधिकाऱ्याचं जवळजवळ सगळं काम यात आलं. १८५८ पर्यंत त्याने १९४६ जणांना जामीन राहून सोडवलं: ११५२ पुरुष, ७९४ स्त्रिया. पळून जाऊन त्याला तोंडघशी पाडणारे मोजकेच निघाले.

लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असेल असं वाटेल. काही श्रीमंतांनी देणग्या दिल्या, हे खरं. पण कोर्टातली मंडळी त्याच्यावर जाम उखडून असत. कारण अगदी साधं होतं. एकेक कैदी तुरुंगात पोचवला की अधिकाऱ्याला ६२ ते ७५ सेंट मिळायचे. ऑगस्टसने जामीन दिला की तेवढी कमाई बुडाली! माणूस सुधारला तर कुणाचं तरी नुकसान होतं, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे. इकडे त्याचं स्वतःचं बुटांचं दुकान दुर्लक्षाने बसलं. पदरमोड करता करता, हाती फारसं काही न उरता, तो १८५९ मध्ये वारला. त्यानंतर १९ वर्षांनी, १८७८ मध्ये, मॅसॅच्युसेट्सने कायदा करून बॉस्टनच्या महापौरांना पगारी प्रोबेशन अधिकारी नेमायचा अधिकार दिला.

इथे थोडं शब्दांबद्दल. प्रोबेशनच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पारखणं, सिद्ध करणं. म्हणजे माणसाला स्वतःला सिद्ध करायची संधी. आपल्या सरकारी मराठीत याला 'परिवीक्षा' म्हणतात. वीक्षा म्हणजे बघणं, परि म्हणजे चहूबाजूंनी. नकळत का होईना, पण या भाषांतरात जोर संधीवरून पहाऱ्यावर सरकलाय. आणि 'पॅरोल'? फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ शब्द, दिलेलं वचन. महाराष्ट्राच्या तुरुंगांत त्याला 'अभिवचन रजा' म्हणतात, ते फार नेमकं आहे. मात्र आपल्याकडचा पॅरोल म्हणजे काही दिवसांची सुट्टी. अमेरिकेतला पॅरोल वेगळा. तिथे शिक्षेचा काही भाग भोगल्यावर कैद्याला सोडतात आणि उरलेली शिक्षा तो बाहेर, अधिकाऱ्याच्या नजरेखाली पुरी करतो. प्रोबेशन तुरुंगाच्या आधी, पॅरोल नंतर. दोन्हीत माणूस बाहेर असतो, पण दोरीचं एक टोक सरकारच्या हातात असतं.

विसाव्या शतकात दारूच्या जोडीला अफू, मॉर्फिन, हेरॉइन आलं. १९१४ च्या हॅरिसन कायद्याने त्यांच्यावर बंधनं घातली आणि १९१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की व्यसन चालू ठेवण्यापुरतं मॉर्फिन डॉक्टरने लिहून देणं हे औषधोपचारात मोडत नाही. कालपर्यंत डॉक्टरचा पेशंट असलेला माणूस आज पोलिसांचा झाला. गंमत म्हणजे दारूबंदीच्याच काळात, १९२५ मध्ये, केंद्रीय कोर्टांसाठी प्रोबेशनचा कायदा आला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत दारूबंदीवालेच होते! न्यायाधीश दारू विकणाऱ्यांना प्रोबेशनवर सोडून देतील, ही त्यांना धास्ती. दारू सोडवणाऱ्या चळवळीतूनच प्रोबेशन जन्माला आलं होतं, हे ऐंशी वर्षांत सगळे विसरून गेले होते.

तुरुंग व्यसनी माणसांनी भरू लागले तेव्हा सरकारने १९३५ मध्ये केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला एक अजब संस्था उघडली. 'नार्कोटिक फार्म'. अर्धं इस्पितळ, अर्धा तुरुंग, आणि भोवती खरोखरीची शेती आणि गोठे. इथे तीन प्रकारचे लोक एकत्र राहत: कैदी, प्रोबेशनच्या अटीवर आलेले आणि आपणहून आलेले. कैद्यांना जाता यायचं नाही. आपणहून आलेले मात्र टर्की सुरू झाली, अंग मोडून यायला लागलं, की सही करून चालते व्हायचे. त्यांना थोपवायला एक युक्ती निघाली. केंटकीच्या कायद्यात व्यसन हा गुन्हाच होता. तेव्हा अशा माणसाने स्थानिक कोर्टात गुन्हा कबूल करायचा, कोर्टाने एक वर्षाची शिक्षा सुनावून ती स्थगित ठेवायची, अट ही की बरं होईपर्यंत इस्पितळात राहा. म्हणजे उपचार पुरे करता यावेत म्हणून आधी गुन्हेगार व्हायचं.

जॅझ ऐकणाऱ्यांना लेक्सिंग्टनचं नाव वेगळ्या कारणाने माहीत असतं. त्या काळातले कितीतरी वादक तिथे राहून गेले. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स १९५० मध्ये सशस्त्र दरोड्याच्या गुन्ह्यात पकडला गेला, दहा महिने आत राहून पॅरोलवर सुटला. १९५२ मध्ये हेरॉइन घेतल्यामुळे पॅरोलची अट मोडली म्हणून पुन्हा आत. १९५५ मध्ये तो लेक्सिंग्टनला गेला आणि तिथून बाहेर पडल्यावर सुटला तो सुटलाच. त्यानंतर त्याने अर्धशतकाहून जास्त काळ वाजवलं. १९५२ च्या फायलीत मात्र हा माणूस 'अट मोडणारा' एवढाच होता.

पण रोलिन्स अपवाद. लेक्सिंग्टनहून न्यूयॉर्कला परतलेल्या १९१२ जणांचा पाठपुरावा १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा व्यसनाकडे वळलेले आढळले, आणि तेही बहुतेक सहा महिन्यांच्या आत. मग १९६६ मध्ये जॉर्ज व्हेलंट या मनोविकारतज्ज्ञाने एक वेगळी गोष्ट दाखवली. १९५२-५३ मध्ये लेक्सिंग्टनला आलेल्या न्यूयॉर्कच्या १०० जणांचा त्याने बारा वर्षं मागोवा घेतला. आपणहून येऊन गेलेले जवळपास सगळे वर्षभरात घसरले होते. मात्र ज्यांना किमान नऊ महिने तुरुंग आणि त्यानंतर किमान वर्षभराचा पॅरोल मिळाला, त्यांच्यातले सुमारे दोन तृतीयांश लोक वर्षभर किंवा जास्त काळ व्यसनापासून लांब राहिले.

हे वाचून 'बघा, दंडुक्याशिवाय भागत नाही' असं म्हणणं सोपं आहे. पण नुसता तुरुंग झालेल्यांना हा फायदा दिसला नाही. फरक पडला तो बाहेर आल्यावर कुणीतरी नियमित विचारणारं होतं, कामावर जावं लागत होतं, दिवसाला काही आकार होता, म्हणून. हे म्हणजे ऑगस्टसच्याच पद्धतीचं जरा कडक रूप.

दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी यातला विचारपूस करणारा भाग पातळ होत गेला आणि मोजमाप करणारा भाग वाढत गेला. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात पॅरोल आणि प्रोबेशनवरच्या लोकांसाठी 'नॅलीन' चाचणी आली. माणसाच्या डोळ्याची बाहुली मोजायची, दंडात नॅलीनचं इंजेक्शन द्यायचं, थोड्या वेळाने बाहुली परत मोजायची. मोठी झाली, तर अफूवर्गातलं काहीतरी पोटात आहे. चल आत! पुढे लघवीची तपासणी आली, तिने हे काम सोपं आणि स्वस्त केलं. चाचणी खोटं बोलत नाही. पण माणूस काल का घसरला आणि उद्या काय करता येईल, हे ती सांगत नाही. ते विचारायला वेळ लागतो, आणि एकेका अधिकाऱ्याच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो.

व्यसन हा गुन्हा की आजार, हा प्रश्न याच सुमारास सुप्रीम कोर्टात पोचला. १९६२ च्या रॉबिन्सन खटल्यात कोर्टाने सांगितलं, की नुसतं व्यसनी असण्याबद्दल शिक्षा देणं घटनाबाह्य आहे. (निकाल लागला तेव्हा बिचारा रॉबिन्सन हयातच नव्हता. तो १९६१ मध्येच मरण पावला होता.) मग १९६८ मध्ये टेक्ससच्या लेरॉय पॉवेलचा खटला आला. हा ऑस्टिन शहरात बुटांना पॉलिश करायचा आणि दारू पिऊन रस्त्यावर पडल्याबद्दल वारंवार पकडला जायचा. दंड ५० डॉलर. त्याची आठवड्याची कमाई १२ डॉलरच्या आसपास. मी आजारी आहे, हे माझ्या हातात नाही, असं त्याचं म्हणणं. पाच विरुद्ध चार मतांनी तो हरला. व्यसनी असणं गुन्हा नाही, पण त्यापायी रस्त्यावर झिंगणं गुन्हाच. बॉस्टनमध्ये बूट शिवणाऱ्याने जे सुरू केलं होतं, ते १२७ वर्षांनी बूट पुसणाऱ्यापाशी येऊन असं अडकलं.

पुढची पन्नास वर्षं म्हणजे झोपाळा. १९७२ मध्ये 'टास्क' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पकडलेल्या व्यसनी माणसाला कोर्टाकडून उपचाराकडे न्यायचं आणि त्याची खबर कोर्टाला देत राहायचं, हे त्याचं काम. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये गव्हर्नर रॉकफेलरचे कायदे आले. दोन औंस हेरॉइन जवळ सापडलं तर किमान १५ वर्षं. तुरुंग फुगले. १९८९ मध्ये मायामीत पहिलं 'ड्रग कोर्ट' उघडलं, जिथे न्यायाधीश स्वतः दर थोड्या दिवसांनी आरोपीला बोलावून विचारतात, कसं चाललंय? नीट चाललं असेल तर सगळ्या कोर्टासमोर शाबासकी, नसेल तर कानउघाडणी. सुरुवातीला तिथे अ‍ॅक्युपंक्चरसुद्धा देत. आज अमेरिकेत अशी तीन हजारांच्या वर कोर्टं आहेत. २००४ मध्ये होनोलुलूत न्यायाधीश स्टीव्हन आल्म यांनी 'होप' नावाचा प्रयोग केला. चाचणीत सापडलात की लगेच, हमखास, पण थोडेच दिवस तुरुंग. २००९ च्या अभ्यासात आकडे झकास आले. तोच प्रयोग चार वेगळ्या राज्यांत करून बघितला, त्याचा अहवाल २०१६ मध्ये आला, आणि एकूण परिणाम जवळजवळ शून्य! होनोलुलूचं कागदावरचं वेळापत्रक दुसरीकडे नेता आलं, तिथला न्यायाधीश आणि तिथली माणसं कशी नेणार?

हे सगळं नियमांचं कौतुक वाचताना एक आकडा समोर ठेवायला हवा. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या जवळपास १३ पट होता, आणि ड्रगच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका १२९ पट. कारण सरळ आहे. आत असताना शरीराची सवय मोडते, बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो, आणि संपतो. तेव्हा घसरलेल्या माणसाला धडा म्हणून चार दिवस आत टाकणं ही वाटते तितकी निरुपद्रवी शिक्षा नाही. त्या वर्षाच्या शेवटी अमेरिकेत ५१ लाख लोक प्रोबेशन किंवा पॅरोलवर होते.

औषधं आहेत. मेथाडोन १९६० च्या दशकापासून आहे, नंतर ब्युप्रेनॉर्फिन आलं. पण कित्येक ड्रग कोर्टांनी वर्षानुवर्षं 'हेही ड्रगच' म्हणून ती बंद करायला लावली. अखेर २०१५ मध्ये केंद्र सरकारने सांगितलं, औषधं तोडायला लावाल तर आमचं अनुदान मिळणार नाही. २०१६ मध्ये नाल्ट्रेक्सोनच्या महिन्याच्या इंजेक्शनचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, कोर्ट-तुरुंगाच्या फेऱ्यात सापडलेल्या ३०८ जणांवरचा. इंजेक्शन घेणाऱ्यांत ४३ टक्के घसरले, बाकीच्यांत ६४ टक्के. सहा महिन्यांनी इंजेक्शन थांबलं, आणि वर्षभरात दोन्ही गट सारखेच झाले. औषध चालू असेतो चालतं. मधुमेहाला जे आपण मान्य करतो, ते इथे मान्य करायला जड जातं.

आणि आता परत बॉस्टन. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एका तरुण स्त्रीला चोरीच्या गुन्ह्यात प्रोबेशन मिळालं. चोरी व्यसनापायी केलेली. अट होती ड्रगमुक्त राहण्याची. तिने उपचार सुरू केले, औषध सुरू केलं, आणि दोन आठवड्यांच्या आत चाचणीत सापडली. तिला भरती करून घ्यायला उपचार केंद्रात खाट रिकामी नव्हती. तुरुंगात होती. दहा दिवस ती तिथे राहिली. तिच्या वकिलांनी राज्याच्या सर्वोच्च कोर्टात विचारलं, की आजाराचं लक्षण दिसलं म्हणून आजारी माणसाला तुरुंगात कसं टाकता? जुलै २०१८ मध्ये एल्ड्रेड खटल्याचा निकाल लागला: ड्रगमुक्त राहण्याची अट घालणं आणि ती मोडली म्हणून कारवाई करणं कायदेशीर आहे.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल समजण्यासारखा आहे. अटच घालता येणार नसेल तर प्रोबेशन उरतच नाही, आणि मग व्यसनी माणसासाठी तुरुंग हा एकच मार्ग राहील. ऑगस्टसनेही अट घातलीच होती. पण त्याच्या माणसाला तीन आठवडे एक घर होतं, एक माणूस होता.

आपल्याकडे काय? मुंबई प्रांतात प्रोबेशनचा कायदा १९३८ मध्येच झाला, देशाचा १९५८ मध्ये. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा आला, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्याच्या कलम ३३ ने या कायद्याखाली दोषी ठरलेल्यांना प्रोबेशनचं दार जवळजवळ बंद केलं. फक्त १८ वर्षांखालचे आणि सेवनासारख्या थोड्या गुन्ह्यांपुरतं ते किलकिलं ठेवलं. तिथेच कलम ३९ आहे: सेवनाबद्दल दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची संमती असेल तर, कोर्ट शिक्षेऐवजी मुचलक्यावर सोडून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला पाठवू शकतं. कलम ६४अ तर सांगतं, की स्वतः उपचार घ्यायला तयार झालेल्या व्यसनी माणसावर खटलाच चालू नये, मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाईल. हे ऑगस्टसच्या फार जवळचं आहे. कायदा झाला तेव्हा मुंबई-पुण्यात गर्दचा धुमाकूळ होता, आणि पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं. ज्याने सोडलंय त्याने दुसऱ्याला हात द्यायचा, ही रीत तिथेही आहे. म्हणजे कलमं आहेत आणि काम कसं करायचं हे जाणणारी माणसंही आहेत. दोघांची गाठ पडायला कोर्टात उठून 'मी याला जामीन राहतो' म्हणणारं कुणीतरी लागतं, आणि ज्या दिवशी न्यायाधीश हो म्हणतील त्या दिवशी कुठेतरी एक खाट रिकामी लागते.

१८७८ मध्ये सरकारने ऑगस्टसचं काम आपल्याकडे घेतलं. त्याची चौकशीची पद्धत घेतली, वही घेतली, ठरल्या तारखेचा अहवाल घेतला. त्याचं घर आणि त्याची पदरमोड कोण घेणार, हे मात्र ठरायचं राहून गेलं.